दारावरच्या तेरा विटा

१

आंबट चेरीचा मुरंबा चुलीवर असला की मी दार उघडत नाही, हे सरवंदमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पस्तीस वर्षं मी इथल्या शाळेत भूमिती शिकवली. निम्मं गाव माझ्या पट्टीचा मार खाऊन मोठं झालंय. एवढं तरी लोकांनी लक्षात ठेवायला हरकत नव्हती. पण त्या मंगळवारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, मश्दी सफर माझं दार बडवायला लागला.

"बाई, उघडा. पीराचं नाव गेलं."

"कुठं गेलं?"

"चोरीला गेलं, बाई."

मी हातातल्या पळीसकट बाहेर पडले. मागे मुरंबा लागला तो लागलाच.

मश्दी सफर आमच्या बुरुजाचा राखणदार. बुरूज नऊशे वर्षांचा, नुसत्या विटांचा, उंच, आत एक कबर. कबर कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही, पण गाव त्याला पीर मानतं. गुरुवारी बायका येतात, जाळीला चिंध्या बांधतात, मेणबत्ती लावतात, मनातलं बोलतात. मश्दी सफर किल्ली सांभाळतो, अंगण झाडतो, आणि गावात कोणी गेलं की त्याला मातीतही तोच ठेवतो. दाराच्या वर तेरा कोरीव विटांची एक ओळ होती. तिच्यावर जुन्या, कोनाकोनांच्या लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं. ते वाचता येणारा माणूस सरवंदमध्ये अजून जन्मायचाय. आम्ही सगळे तिला 'दाराची पट्टी' म्हणायचो. मश्दी सफर तेवढा 'पीराचं नाव' म्हणायचा.

त्या जागी आता भगदाड होतं आणि त्यात एक चिमणी बसली होती.

विटा उपटायला ताकद लागली नसणार. पट्टी मागून फुगली होती. ती उतरवायची म्हणून गवंड्याने, म्हणजे उस्ताद बरातालीने, दोन दिवस खपून सांध्यांतलं जुनं गच खरवडून ठेवलं होतं. बुधवारी दुपारी तेहरानहून नज्मीसाहेब येणार, जुन्या लिप्या वाचणारे. त्यांनी पट्टी खाली घेऊन वाचायची, मग उस्तादने ती परत बसवायची, असं ठरलं होतं. दारापुढे परांची बांधलेली, उन्हासाठी तिला गोणपाटाचा पडदा. आत कोणी काय केलं ते रस्त्यावरच्या कुत्र्यालाही दिसलं नसतं.

"आवाराला कुलूप होतं," इंजिनियर वसूकी म्हणाला. हा शहरातून या कामावर पाठवलेला, तिशीचा, शर्टाला इस्त्री. "किल्ल्या चारच आहेत, खानम. माझी, मश्दी सफरची, उस्तादची आणि त्याच्या जावयाची. तो गाडीतून विटा आणतो म्हणून."

"मग चोर चौघांतलाच," मी म्हटलं. "एक तुम्हीसुद्धा."

त्याला ते आवडलं नाही. त्याने त्याच संध्याकाळी झडती सुरू केली, आणि बुधवारी सकाळी आठ वाजता तेराच्या तेरा विटा सापडल्या. उस्ताद बरातालीच्या गवताच्या खोलीत.

२

बराताली माझा शेजारी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, बहात्तरचा. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत खेळलो, आणि गेली तीस वर्षं आम्ही एकाच भिंतीवरून भांडतो, कारण तो विटा घासतो आणि धूळ माझ्या वाळत घातलेल्या चेरींवर येते. पण त्या बुरुजाला चाळीस वर्षं त्याच एका माणसाने उभं ठेवलंय. गावात बाकी कोणाला ते काम येत नाही, आणि ज्याला थोडंफार येतं तो त्याच्याकडेच शिकलाय.

गवताच्या खोलीच्या दारात इंजिनियर पहारेकऱ्यासारखा उभा होता.

"कशाला हात लावू नका, खानम. साहेब येऊन बघतील."

"डोळे लावले तर चालतील ना?"

गवत बाजूला सारलेलं होतं. तेरा विटा कडेवर उभ्या केलेल्या, एकीशेजारी एक, रांगेत. नक्षीची तोंडं सगळ्यांची एकाच बाजूला. मागच्या बाजूला कोळशाने आकडे घातलेले, एक ते तेरा. एक नंबरची वीट कोपरा उडालेली होती. तो कोपरा कसा उडाला ते मला चांगलं माहीत होतं, पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

आणि रांग तिरकी होती. चार भिंती सरळ असताना खोलीच्या मधोमध तिरकी रांग. भिंतीला समांतर नाही, काटकोनात नाही, भलत्याच कोनात. भूमिती शिकवलेल्या बाईने असलं काही बघितलं की तिचं डोकं उठतं. चोरी करायची तर करा, पण निदान सरळ रेषेत करा.

"सगळं स्पष्ट आहे," इंजिनियर म्हणाला. "नज्मीसाहेबांच्या जीपमधून पुरातत्त्व कचेरीचे अधिकारीही येताहेत. एक वाजता पोचतील. परत जाताना उस्तादला घेऊन जातील."

"बहात्तर वर्षांच्या माणसाला?"

"कायदा वय विचारत नाही. आणि यापुढे त्याचा हात या बुरुजाला लागणार नाही, एवढं मी बघेन."

कोठडीपेक्षा ते दुसरं वाक्य बरातालीला जास्त लागणार होतं. अंगणात तो उकिडवा बसला होता. त्याने सगळं ऐकलं. पण मान वर केली नाही, आणि एक शब्द बोलला नाही.

३

"बराताली, विटा तुझ्या खोलीत कशा आल्या?"

तो लाकडी पाटीत गच कालवत होता. गच म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी पडलं की चार मिनिटांत दगड होतं.

"गच थांबत नाही, तूबा," तो म्हणाला. तीस वर्षं माझ्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. धूळ उडवू नकोस म्हटलं, गच थांबत नाही. मुलीच्या लग्नाची तारीख काढ म्हटलं, गच थांबत नाही.

"जीप पण थांबायची नाही. तू चोरलीस?"

तो गच ढवळत राहिला.

"तू नाही चोरलीस?"

तरी गप्प. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. मला इतका संताप आला की त्या पाटीला लाथ मारावीशी वाटली. निर्दोष माणसाला निदान 'नाही' म्हणायला किती कष्ट पडतात?

त्याच्यापुढे चांदणीच्या आकाराच्या विटांची नक्षी मांडलेली होती, वरच्या पट्ट्यासाठी. तिच्यावरून मला तीन दिवसांपूर्वीचं भांडण आठवलं. रविवारी मी धुळीबद्दल ओरडायला आले, तेव्हा तो असंच काहीतरी मांडत होता. सगळ्या विटा पालथ्या. तोंडं जमिनीकडे, पाठी वर. त्या पाठींवर गच ओतायचं, सुकलं की अख्खी लादी उचलून भिंतीत बसवायची. आकडेही पाठीवरच घातलेले.

"उलटे का घातलेस आकडे?" मी तेव्हा विचारलं होतं. "आपण लिहितो-वाचतो उजवीकडून. भिंतीवर ही डावीकडची वीट आहे, आणि तू तिला एक नंबर देतोस?"

"भिंत जमिनीवर पालथी पडते तेव्हा डावं उजवीकडे येतं," तो म्हणाला होता. "आम्ही पाठीकडून मोजतो. तुमच्या शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं."

मला तेव्हा राग आला होता, कारण त्याचं बरोबर होतं.

आता मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "तू काही बोलणार नसशील तर मी बोलेन. पण मला एवढं सांग, कोणाला वाचवतोयस?"

त्याचा हात थांबला. क्षणभरच. मग त्याने फाटकाकडे बघितलं, आणि फाटकातून त्याचा जावई आत येत होता.

४

हुज्जत माझा विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा. आठ वर्षं सासऱ्याच्या हाताखाली गवंडीकाम केलं, मग निळी निसान घेतली आणि आता विटा, कलिंगडं, जे मिळेल ते वाहतो. दोन वर्षांपूर्वी टेकडीवर जुनी खापरं चोरून खणताना त्याला पकडलं होतं. दंड भरून सुटला. बरातालीने त्याच्याशी सहा महिने बोलणं टाकलं होतं.

मी त्याला गाडीच्या आडोशाला घेतलं.

"मंगळवारी जेवणानंतर कुठं होतास?"

"बाई, लिहून घ्या," तो म्हणाला. "मीच चोरल्या."

हे मात्र मी धरलं नव्हतं. "तू?"

"मीच. साहेब आले की त्यांच्यापुढे पण सांगेन. उस्तादचा काही संबंध नाही."

"कशात भरून नेल्यास?"

"पोत्यात."

"खोलीत कुठं ठेवल्यास?"

"कोपऱ्यात. पोतं तसंच टाकलं, वर गवत."

मी त्याचा कान धरला. पस्तिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, पण सवय सुटत नाही. "गाढवा, तिथं पोतं नाहीच. तू त्या विटा बघितल्याही नाहीस. खरं काय ते बोल."

तो निसानच्या चाकाकडे बघत राहिला. "उस्तादनेच काढल्या असणार, बाई. इंजिनियर म्हणाला होता, पट्टी वाचून झाली की शहरात संग्रहालयात पाठवू, इथं नकली बसवू. त्या रात्री उस्ताद जेवला नाही. म्हणून मला वाटलं, त्याने लपवल्या. तो तुरुंगात गेला तर त्याची पोरगी माहरुख मला घरात घेईल का?"

मी कपाळाला हात लावला. सासऱ्याला वाटतं जावयाने चोरल्या, म्हणून तो गप्प. जावयाला वाटतं सासऱ्याने चोरल्या, म्हणून हा कबूल. आणि दोघंही माझ्याच गल्लीत राहतात.

"हुज्जत, तुला विटांवर आकडे घालायचे असते तर कुठून घातले असतेस?"

"भिंतीच्या डावीकडून," त्याने विचारही केला नाही. "गवंडी डावीकडूनच घालतो. विटा पालथ्या बसतात ना."

"झोपेत विचारलं तरी?"

"झोपेत तर नक्कीच. उजवीकडून घातले असते तर उस्तादने थापी फेकून मारली असती."

मला त्या दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण आता मला एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती फक्त मीच सिद्ध करू शकत होते. त्यासाठी मात्र साठ वर्षांपूर्वीचा माझा गुन्हा कबूल करावा लागणार होता.

५

इंजिनियर वसूकी परांचीखाली चहा पीत होता. साखरेचा खडा दाताखाली धरून.

"पट्टी शहरात नेणार होतात?"

"प्रस्ताव होता. मंजूरही झाला असता." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बघा, प्रत्येक विटेचं मोजमाप माझ्याकडे आहे. आणि तुमचा उस्ताद म्हणतो पट्टी बुरुजाची आहे. शास्त्र वगैरे काही नाही, नुसता हट्ट."

कागदावर पट्टीचा नकाशा होता. नीट, सरळ, मला आवडावा असा. प्रत्येक विटेखाली इंग्रजी अक्षर आणि आकडा, डावीकडून सुरू करून. हा माणूस विटा काढायला बसला असता तर कागद पुढ्यात ठेवून बसला असता आणि हेच क्रमांक घातले असते. शिवाय जी वस्तू आठवड्याने कायद्याने हातात येणार ती चोरायला हा काही वेडा नव्हता. गर्विष्ठ होता, पण वेडा नव्हता.

"चहा घेता का, खानम?"

"मुरंबा जळल्यापासून माझ्या घशाखाली काही उतरत नाही," मी म्हटलं.

मश्दी सफर बुरुजाच्या पायरीवर बसून मेणबत्त्यांची टोकं चाकूने तासत होता. साठीचा माणूस, पण सकाळपासून दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"मश्दी, तू मंगळवारी दुपारी कुठं होतास?"

"इथंच. आत झोपलो होतो. आत गार असतं."

"बाहेर कोणी तेरा विटा उपटल्या आणि तुला ऐकू आलं नाही?"

"भिंती जाड आहेत, बाई." चाकू थांबला. "उस्तादला खरंच नेतील?"

"एक वाजता."

"चौकशी करून सोडतील. काय?"

"सोडतीलही. पण बुरुजावर परत चढू देणार नाहीत."

तासलेलं मेण त्याने गोळा केलं आणि मुठीत दाबत बसला. बारा वाजत आले होते. माझ्याकडे आकड्यांचा पुरावा होता, पण त्याने एवढंच ठरत होतं की हे काम गवंड्याचं नाही आणि नकाशेवाल्याचंही नाही. उरला एकटा हा. पण याने का करावं? जो माणूस त्या विटांवरची धूळ ओढणीसारख्या मऊ फडक्याने पुसतो, तो त्या विटा उपटेल कशाला? मला राग आला तो स्वतःचाच. साठ वर्षं बेरजा करून, आणि एक बेरीज जमत नव्हती.

६

नमाजाची वेळ झाली. घरी जायला वेळ नव्हता, म्हणून बरातालीच्या मुलीने, माहरुखने, अंगणात माझ्यासाठी सतरंजी अंथरली. ती बिचारी सकाळपासून रडून रडून सुजली होती.

"बाई, बाबांना तुम्हीच बोलतं करा," ती म्हणाली.

"तुझ्या बापाला तुझी आई बोलतं करू शकली नाही, मी काय करणार?"

या अंगणात सतरंजी नेहमी तिरकीच घालावी लागते. घर रस्त्याच्या रेषेत बांधलंय आणि मक्का रस्त्याच्या रेषेत नाही. लहानपणी मी इथं यायचे तेव्हापासून हा कोन मला खटकतो. मी उभी राहिले, वाकले, कपाळ टेकलं. आणि कपाळ टेकलेलं असतानाच मला ती गवताच्या खोलीतली रांग दिसली.

नमाजात असले विचार येऊ नयेत. अल्ला माफ करो. पण कोन तोच होता. तंतोतंत तोच.

मी कशीबशी नमाज पुरी केली आणि तशीच खोलीकडे गेले. इंजिनियरने अडवायच्या आत दारात सतरंजी टाकली. विटांची तोंडं आणि माझ्या सतरंजीचं टोक एकाच बाजूला. विटा रांगेत ठेवलेल्या नव्हत्याच. त्या कुशीवर निजवलेल्या होत्या. आम्ही आमचं माणूस मातीत ठेवतो तसं, कडेवर, तोंड मक्केकडे करून.

चोर असं करत नाही. सासऱ्यावर आळ घालणारा जावई असं करत नाही. त्या विटांत कोणाचं तरी नाव आहे, आणि ते नाव म्हणजे तो माणूसच आहे, असं ज्याला मनापासून वाटतं तो असं करतो. सगळं गाव 'पट्टी' म्हणत असताना 'नाव' म्हणणारा एकच होता.

मी बुरुजाकडे गेले. मश्दी सफर अजून पायरीवरच होता.

"मश्दी," मी विचारलं, "एकट्याने तेरा मयतं कशी पुरलीस रे?"

त्याच्या मुठीतलं मेण खाली पडलं, आणि त्याच वेळी रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला.

७

"तो वाचणारा येणार होता, बाई," मश्दी सफर म्हणाला. शब्द भराभर पडायला लागले. "वाचेल आणि म्हणेल, हा पीर नाही. कोणी सरदार आहे, कोणी जुलमी आहे. पलीकडच्या खोऱ्यात तसंच झालं. वाचलं, फळा लावला, आणि बायका यायच्या बंद झाल्या. मी दोन दिवसच ठेवणार होतो. तो गेला की परत बसवणार होतो, म्हणून तर आकडे घातले. उस्तादच्या घरात विटेला कोणी वाईट हात लावणार नाही म्हणून तिथं ठेवल्या."

"आणि तुला काय फरक पडतो, सरदार असला तर?"

"माझ्या आईची चार पोरं गेली. मग ती इथं नवस बोलली आणि मी जगलो." त्याने माझ्याकडे बघितलं. "मी या पीराचा आहे, बाई. पीरच नसेल तर मी कोणाचा?"

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"आणि बराताली? त्याला जीपमध्ये घालताना तू इथं मेणबत्त्या तासत बसणार होतास?"

"जीप निघाली की सांगणार होतो."

"निघाल्यावर?"

तो गप्प बसला. या गावात गप्प बसायची साथच आली होती.

अंगणात सगळे जमले. जाडजूड अधिकारी, काठी टेकत आलेले नज्मीसाहेब, इंजिनियर, हुज्जत, माहरुख. बराताली अजून पाटीपाशीच बसला होता. मी कोणालाही बोलू दिलं नाही.

"एक नंबरच्या विटेचा कोपरा उडालाय," मी म्हटलं. "तो मी उडवला. दहा वर्षांची असताना, गलोलीने, चिमणी मारायला गेले होते. ती वीट भिंतीवर उजव्या टोकाला होती. म्हणजे आकडे उजवीकडून घातलेत. गवंडी डावीकडून घालतो, विचारा हुज्जतला. इंजिनियरसाहेबही डावीकडून घालतात, त्यांच्या खिशात कागद आहे."

"उस्तादने मुद्दाम उलटे घातले असतील," इंजिनियर म्हणाला.

"आणि मुद्दाम मक्केकडे तोंड करून निजवल्या? आपल्याच घरात, जिथं त्या पहिल्या झडतीत सापडतील? असला हुशार चोर असेल तर त्याला इनाम द्या."

अधिकारी काही बोलणार तोच मश्दी सफर पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी काढल्या. उस्तादला सोडा."

हुज्जतने सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याने जावयाकडे बघितलं. दोघांनाही एकाच वेळी कळलं की आपण सकाळपासून कसे मूर्ख ठरलो. बराताली उठला, हुज्जतच्या जवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर पांढरा हात ठेवला. खांद्यावर पाच बोटं उमटली.

नज्मीसाहेबांना या कशाचंच कौतुक नव्हतं. म्हातारा पाच तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून आला होता. "विटा आहेत ना? मग मांडा," ते म्हणाले.

बरातालीने सतरंजीवर तेरा विटा मांडल्या, तोंडं वर. नज्मीसाहेब गुडघे टेकून बसले, बोट फिरवत पुटपुटले. मश्दी सफरने डोळे मिटून घेतले होते.

"हे केलं बुंदारने," नज्मीसाहेबांनी वाचलं. "हसनच्या मुलाने. वीट भाजणाऱ्याने. अल्ला त्याच्या चुका पोटात घालो. बस, एवढंच आहे."

कोणालाच कळेना. "हा पुरलेला माणूस?" मी विचारलं.

"छे. हा गवंडी. बांधणाऱ्याने दारावर आपलं नाव घातलंय. पुरलेल्याचं नाव वर असतं, छताखालच्या पट्ट्यात." त्यांनी काठीने बुरुजाच्या माथ्याकडे दाखवलं, जिथं नुसती बोडकी भिंत होती. "ते कधीच पडून गेलंय. कुठल्या तरी भूकंपात. तुमचा पीर कोण ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

मश्दी सफरने डोळे उघडले. कालपासून गाव वेठीला धरलं, माझा मुरंबा जाळला, एका माणसाला कोठडीच्या दारात नेऊन उभं केलं, आणि चोरलं ते चुकीचं नाव. मला हसावं की त्याला बडवावं ते कळेना.

बराताली मात्र तिथून हलला नव्हता. सकाळपासून पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"साहेब," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचता?"

८

अधिकाऱ्यांनी मश्दी सफरला सज्जड दम दिला आणि सोडलं. पट्टी शहरात न्यायची नाही असं नज्मीसाहेबांनी तिथंच बजावलं, आणि इंजिनियरने कागदाची घडी खिशात घातली. शिक्षा मी दिली. पट्टी बसेपर्यंत राखणदाराने उस्तादची पाटी धरायची.

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. बरातालीने आधी सगळे कोळशाचे आकडे पुसले. "उलटं मोजलंय गाढवाने," एवढंच म्हणाला, आणि डावीकडून नवे घातले. मग एकेक वीट वर चढायला लागली. मश्दी पाटी खालून द्यायचा आणि मधूनच पळत जाऊन बायकांना मेणबत्त्या द्यायचा.

मी धुळीबद्दल भांडायला गेले होते. खरं म्हणजे बघायलाच गेले होते.

शेवटची वीट राहिली होती, कोपरा उडालेली. बराताली परांचीवर, डाव्या हातात वीट, पुढ्यात नुकतंच कालवलेलं गच. खाली एक बाई आली, पलीकडच्या वाडीतली, पोटुशी. जाळीला चिंधी बांधून झाल्यावर तिने वर बघितलं.

"मश्दी, हे काय लिहिलंय?"

मश्दी सफरने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता हा पुन्हा खोटं बोलणार.

"नाव आहे, ताई."

"पीराचं?"

"नाही. ज्याने हे बांधलं त्याचं. बुंदार म्हणून कोणी होता. गवंडी."

बाई ओढणीच्या टोकाला बांधलेले पैसे सोडत म्हणाली, "मग त्याच्यासाठी पण एक दे. एवढं उभं केलंय माणसाने."

मश्दीने दुसरी मेणबत्ती दिली. तिने ती पहिलीच्या शेजारी लावली, ओठ हलवले आणि निघून गेली. तिच्या मागची बाई पुढे आली. तिनेही दोन मागितल्या.

मी वर बघितलं. बराताली वीट हातात धरून तसाच बसला होता. पुढ्यातल्या पाटीत गच दगड झालं होतं, थापी त्यात रुतून उभी. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"लक्ष कुठंय तुझं?" मी खालून ओरडले. "पाटी वाया घालवलीस."

त्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले, गचाने तोंड पांढरं करून घेतलं आणि मश्दीला दुसरी पाटी कालवायला सांगितली. मी धुळीचं काही बोलले नाही. परांचीखालच्या सावलीत बसले आणि तो शेवटची वीट बसवेपर्यंत थांबले.